सासूबाईंचा रिपोर्ट वाईट, त्रास मात्र तुम्हाला

प्रश्न : माझं वय ४४. अंबडच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे, बहुतेक पहिली पाळी, सात ते साडेतीन. वर्षभरात चार वेळा लघवीला आग, सारखं जावंसं वाटणं आणि ओटीपोटात कळ असा त्रास झाला. दोनदा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणलं, तीन-चार गोळ्यांत बरं वाटलं म्हणून थांबवलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. चौथ्यांदा घरात उरलेली गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तपासणी केली. रिपोर्टात पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स भरपूर, कल्चरमध्ये ‘मिक्स्ड ग्रोथ’. सध्या त्रास नाही. सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेह आहे. त्यांना आग नाही, ताप नाही, पण हेल्थ पॅकेजमधल्या कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू एक लाखाच्या वर निघाले. रात्री तीन-चारदा उठतात, कधी बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत गळतं. त्यांना अँटिबायोटिक सुरू करायचं का? आणि माझं हे पुन्हा पुन्हा का होतं? त्या म्हणतात उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी पी.
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या घरात दोन रिपोर्ट आहेत आणि दोन्ही उलटे वाचले जाताहेत. सासूबाईंच्या लघवीत जंतू आहेत, पण जंतुसंसर्गाचा त्रास नाही. त्यांना त्या रिपोर्टापायी गोळी नको. तुम्हाला चार वेळा त्रास झाला, पण कामाचा रिपोर्ट एकदाही हाती आला नाही, कारण पहिल्या तीन वेळा तपासणीच झाली नाही आणि चौथ्यांदा गोळी आधी पोटात गेली, नमुना नंतर. अँटिबायोटिकचा एक डोस जरी गेला तरी कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीच्या, बशीत जंतू वाढत नाहीत, किंवा अर्धवट वाढतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले. ते बहुतेक वेळा बाहेरच्या त्वचेवरचे असतात. एपिथेलियल सेल्स भरपूर याचाही अर्थ तोच : नमुना घेताना त्वचेच्या पेशी डबीत उतरल्या. त्यामुळे त्या ८-१० पस सेल्सवरून (पूपेशींवरून) काहीच ठरवता येत नाही. पस सेल्स अंगावर पांढरं जात असेल तरी वाढतात, मूतखडा असेल तरी वाढतात.

आता सासूबाईंची उन्हाळी. त्यांचं अगदीच चुकीचं नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट आणि गडद होते आणि जाताना चुरचुरते. त्यात जंतू नसतात. दोन-तीन तासांत लिटरभर पाणी किंवा धने-जिऱ्याचं पाणी पोटात गेलं, लघवी फिकट झाली आणि चुरचुर थांबली, तर ती उन्हाळी. संसर्गाचं चित्र वेगळं दिसतं. पाणी पिऊनही आग कमी होत नाही, दर अर्ध्या तासाला धाव घ्यावी लागते आणि गेल्यावर चार थेंब येतात, झाल्यावरही आणखी आहे असं वाटतं, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ किंवा लालसर होते. नुसत्या वासावर जाऊ नका. लसूण, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कमी पाणी, यातल्या कशानेही वास बदलतो. आणि आग लघवी करताना आत न होता बाहेरच्या बाजूला, खाज आणि दह्यासारख्या स्रावाबरोबर होत असेल तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग. त्यावर अँटिबायोटिक घेतलं की तो वाढतो.

तुमची लक्षणं वाचून आम्हाला चारपैकी निदान काही वेळा तरी मूत्राशयाचा खरा संसर्ग झाला असावा असं वाटतं. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा झाला तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग धरतात, म्हणजे तुम्ही त्या गटात बसता. पण कुठला जंतू होता आणि तो कुठल्या औषधाला दाद देत होता हे कोणालाच माहीत नाही. म्हणून पाचव्यांदा त्रास झाला तर पहिलं काम एकच : गोळी तोंडात टाकण्याआधी लघवीचा नमुना.

हा नमुना नीट घेणं हेच खरं कसब आहे, आणि लॅबच्या काउंटरवर डबी हातात देताना ते कोणी सांगत नाही. कल्चरसाठी निर्जंतुक, सीलबंद डबी मागा. रुटीनची साधी डबी किंवा घरची धुतलेली बाटली चालत नाही. आधी हात साबणाने धुवा. योनिमार्गाचा बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ कापडाने टिपा. डेटॉल, साबण, इंटिमेट वॉश नको, कारण त्याचा अंश डबीत गेला तर जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. पाय फाकून बसा, एका हाताच्या दोन बोटांनी बाहेरचे ओठ बाजूला करून धरा आणि शेवटपर्यंत तसेच धरून ठेवा. बहुतेकींचा नमुना बिघडतो तो इथेच, मध्येच हात सुटला की. पहिली धार सोडून द्या. धार न थांबवता डबी मध्ये धरा आणि तीस-चाळीस मिलीलिटर, म्हणजे साधारण अर्धी डबी, भरली की बाजूला घ्या. उरलेली लघवी बाहेर जाऊ द्या. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाळी चालू असेल तर आत स्वच्छ कापूस ठेवून नमुना द्या आणि लॅबला तसं सांगा.

नमुना तासाभरात, फार तर दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. खोलीच्या तापमानाला पडून राहिला तर दोन-चार जंतूंचे हजारो होतात, उन्हाळ्यात तर लवकरच. पहाटे साडेसहाची बस पकडायची असेल तर डबी नीट बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा, दारात नव्हे, आतल्या कप्प्यात. तिथे ती चोवीस तास टिकते. घरचं कोणी नऊला लॅब उघडल्यावर नेऊन देईल. सकाळची पहिली लघवी उत्तम, पण त्रास दुपारी सुरू झाला तर सकाळची वाट पाहू नका. मूत्राशयात तीन-चार तास साठलेली कुठलीही लघवी चालते. नमुना दिला की मग डॉक्टरांनी लिहिलेली गोळी लगेच सुरू करता येते. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं जळत बसायचं कारण नाही.

रिपोर्ट आला की तीन ओळी पाहा. जंतूचं नाव, संख्या आणि खालची औषधांची यादी. संख्या एक लाख किंवा जास्त आली की संसर्ग, असं छापील उत्तर असतं. पण लक्षणं ठसठशीत असतील आणि नमुना चांगला घेतला असेल तर दहा हजार किंवा त्याहून कमी संख्याही खरी असू शकते. यादीत ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. सगळ्यात भारी इंजेक्शनपुढे ‘एस’ दिसलं म्हणून तेच घ्यायचं नसतं. साध्या संसर्गाला ‘एस’ असलेलं सगळ्यात साधं औषध निवडतात. ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा वाचून अनेकजणी रडकुंडीला येतात. त्याचा अर्थ इतकाच की जंतू अनेक नेहमीच्या अँटिबायोटिकांना जुमानत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन त्यालाही बरेचदा चालतात.

नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांना आपल्याकडचे ई. कोलाय आता मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. इतकी वर्षं ती जुलाबापासून तापापर्यंत ज्या सहजतेने वाटली गेली, त्याचं हे फळ. वर या गटातल्या औषधांनी टाचेचा स्नायुबंध दुखावू शकतो आणि मज्जातंतूंवरही परिणाम होऊ शकतो. तीन गोळ्यांत तुम्हाला बरं वाटलं त्याला आणखी एक कारण असू शकतं. मूत्राशयाचा सौम्य संसर्ग काही बायकांत भरपूर पाण्याने आपोआपही उतरतो, आणि श्रेय मेडिकलवाल्याला जातं.

मूत्राशयापुरत्या संसर्गाला डॉक्टर सहसा नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. जेवणानंतरच घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालेलं असेल तर ते चालत नाही, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन पाहून घ्यावं. दुसरा पर्याय फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी. अर्धा ग्लास साध्या पाण्यात विरघळवून, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, झोपण्याआधी लघवी करून घ्यायची. रात्रभर औषध मूत्राशयात राहतं. ही दोन्ही मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला मात्र पुरत नाहीत.

आग कमी करायला मेडिकलमध्ये आंबटगोड सायट्रेटचं सिरप मिळतं. तात्पुरतं बरं वाटतं, जंतू मरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइनबरोबर ते टाळा, कारण ते औषध आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं आणि सिरप नेमकं उलट करतं. सिरपात सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी बाटल्यांवर बाटल्या संपवू नयेत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी पुरते. अठ्ठेचाळीस तासांत उतार पडला नाही तर गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. उतार पडला तर कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करायची गरज नाही. ‘खात्रीसाठी’ केलेलं ते कल्चर तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टासारखं नवं लचांड उभं करतं.

एक गोष्ट मात्र घरी थांबून पाहण्यासारखी नाही. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही दिसलं तर संसर्ग मूत्रपिंडात गेलाय असं धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. गरोदर बाई, लहान मूल किंवा पुरुष यांना लघवीचा संसर्ग झाला तर सुरुवातच डॉक्टरांपासून करायची. आणि लघवीतून रक्त जातं पण दुखत काहीच नाही, असं चाळिशीनंतर एकदा जरी झालं, त्यातून घरात बिडी-सिगारेट ओढणारं कोणी असेल तर त्याला विशेषतः, युरोलॉजिस्टकडे पाठवा. एकदा दिसून थांबलं म्हणून सोडू नका.

आता पुन्हा पुन्हा का होतं. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास, आणि शौचाची जागा जवळ. आतड्यातले ई. कोलाय त्वचेवरून आत सरकतात, लघवीची धार त्यांना बाहेर ढकलते. धार कमी वेळा आली की जंतूंना वाढायला सवड मिळते. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण लाइनवरच्या बायका काय करतात ते सांगायला ज्योतिषी नको. साडेपाचला चहाचे दोन घोट, पाणी जाणूनबुजून नाही, कारण टॉयलेट शेडच्या दुसऱ्या टोकाला आणि सारखं उठलं की सुपरवायझरची नजर. मग दुपारी घरी आल्यावरच मोकळं व्हायचं. थंडीत तर तहानही लागत नाही. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की समजा अर्ध्या बायकांची बाटली भरलेलीच घरी परत येते.

पाण्यावर २०१८ मध्ये एक चांगली चाचणी झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. इतकं स्वस्त औषध दुसरं नाही. तुमच्या कामाच्या पाळीत ते असं बसेल : उठल्यावर एक मोठा ग्लास, लिटरची बाटली जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपवायची, दुसरी घरी आल्यावर सात-आठपर्यंत. झोपताना ढोसू नका. लघवी गव्हाच्या काडाच्या रंगाची दिसली की पुरे. आणि मोकळं व्हायचं घरून निघताना, चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटताना, लागली असो वा नसो. म्हणजे सहसा साडेतीन-चार तासांवर जात नाही. कायद्याप्रमाणे कारखान्यात बायकांसाठी वेगळी, स्वच्छ, कामाच्या वेळात कधीही जाता येईल अशी सोय ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लाइनवर बदली बाई मिळत नसेल तर चौघी-पाचजणींनी मिळून सेफ्टी ऑफिसरकडे लेखी द्या. एकटीने तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

कमोड घाण म्हणून त्याला न टेकता अर्धवट उभ्याने लघवी केली तर ओटीपोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. त्यापेक्षा भारतीय पद्धतीचं बरं. कमोडच असेल तर कागद पसरून बसा. झाल्यावर वीसेक सेकंद थांबा, थोडं पुढे झुका, पुन्हा प्रयत्न करा. धुताना हात पुढून मागे. जेट स्प्रे मागून पुढे मारू नका, नळीचं तोंड उलटं असलं की शौचाचं पाणी नेमकं नको तिथे जातं. बद्धकोष्ठ असेल तर तेही सोडवा, भरलेलं आतडं मूत्राशय दाबून ठेवतं. संबंधांनंतर पंधरा-वीस मिनिटांत लघवीला जाऊन या. दर वेळी संबंधांनंतर एक-दोन दिवसांतच त्रास सुरू होत असेल तर हे डॉक्टरांना न लाजता सांगा, त्यासाठी संबंधांनंतर एकच गोळी घेण्याची वेगळी पद्धत आहे. नवऱ्याला गोळ्या द्यायची गरज नाही, हा लैंगिक आजार नव्हे.

मेडिकलमध्ये क्रॅनबेरी आणि डी-मॅनोजच्या (ही एक प्रकारची साखर) एकत्र पुड्या महाग विकल्या जातात. क्रॅनबेरीने वारंवार होणारा संसर्ग काही बायकांत कमी होतो असं दिसलं आहे. डी-मॅनोजचा मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. परवडत असेल तर क्रॅनबेरी घ्या, पण झालेला संसर्ग तिने जात नाही. धने-जिरं, कोकम, सब्जा, सगळं चालेल, निमित्ताने पाणी पोटात जातं. साखर मात्र घालू नका.

सध्या त्रास नाही ही उत्तम वेळ आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, आणि मूत्रपिंड-मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरलं तेही मोजायला सांगा. शंभर मिलीलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर ते पुढे तपासावं लागतं. खडा सापडला तर वारंवारपणाचं कारण मिळालं, कारण जंतू खड्याच्या आत लपतात आणि औषध तिथवर पोचत नाही. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर ही तपासणी त्याच कार्डावर होते, सातपूरला रुग्णालय आहे. कार्ड नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय. पुढचे सगळे कल्चर रिपोर्ट एका फायलीत लावा. दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला तर आत कुठे तरी मुक्काम आहे. महिन्यांनी वेगळा जंतू आला तर तो नव्याने झालेला संसर्ग. दोन्हींचा रस्ता वेगळा. एवढं करूनही थांबलं नाही तरच डॉक्टर रोज रात्री छोटा डोस काही महिने देण्याचा विचार करतात.

सासूबाईंकडे वळू. त्रास नसताना लघवीत जंतू असणं त्यांच्या वयात, त्यातून मधुमेहात, नेहमीचं आहे. त्यावर औषध दिल्याने पुढचे संसर्ग टळत नाहीत. जंतू तेवढे निबर होतात आणि खऱ्या गरजेला गोळी चालत नाही. अपवाद दोनच : गरोदरपण, आणि लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर. त्यांची रात्रीची उठबस या जंतूंमुळे होत असेल असं वाटत नाही. आधी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट पाहा. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते औषध साखर लघवीवाटेच काढतं, त्यामुळे लघवी वाढते आणि खाजेचा बुरशी-संसर्गही होतो. गोळी परस्पर बंद करू नका, ती हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायद्याची असते. ती सकाळी घेतली जाते ना, एवढं पाहा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर तीही संध्याकाळी नको. सायंकाळी पायांना सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंच करून पडायला सांगा, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी दिवसाच निघतं. पाचनंतरचा चहा बंद.

तीन दिवस एक वही ठेवा : किती वाजता, किती मिलीलिटर (जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवून द्या), गळलं का, काय प्यायलं. प्रत्येक वेळी शंभर-दीडशेच येत असेल तर मूत्राशय घाई करतंय. मग दिवसा दोन जाण्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. जोडीला लघवी रोखायचे स्नायू आवळून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हे लघवी करताना मध्येच धार थांबवून करू नका, त्याने मूत्राशय अर्धवट भरलेलं राहतं. खोकताना-शिंकताना गळतं किंवा अंग बाहेर येतंय असं वाटतं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळी लिहून दिलीच तर विसराळूपणा आणि बद्धकोष्ठ वाढवणारी तर नाही ना, हे विचारा. घाईच्या मूत्राशयाच्या जुन्या गोळ्यांचा हा दोष आहे आणि सत्तरीपुढे तो जाणवतो.

पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या बाईची योनी कोरडी पडते, संसर्ग आणि घाई दोन्ही त्याने वाढतात. त्यासाठी एस्ट्रिऑल क्रीम असतं : दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, योनीत लावायचं. रक्तात फारच थोडं जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. सासूबाई संकोचाने नाही म्हणतील, तेव्हा त्यांच्याबरोबर आत तुम्हीच जा आणि वही डॉक्टरांसमोर ठेवा.